‘हॅव’ची पाच वाक्यं

त्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लोणच्याच्या तेलाचा डाग आहे. अंगठ्याएवढा, पिवळट, मागच्या बाजूलाही उमटलेला. आमच्या साहेबांनी जेवता जेवता, बोटं न पुसता तो कागद उचलला आणि मोठ्यानं वाचून दाखवला, तेव्हाचा तो डाग. त्यानंतर कितीतरी दिवस मला ताटात लोणचं चालत नव्हतं. आई विचारायची, "तुझ्याच आवडीचं घातलंय गो, काय झालंय तुला?" मी म्हणायचे, पित्त झालंय. पित्त नव्हतं. शिसारी होती, आणि ती लोणच्याची नव्हती हे कळायला मला वेळ लागला.

मी पेणजवळच्या खाडीकाठच्या गावातली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडील मिठागरावर होते, आई त्यांच्याबरोबर मिठाच्या टोपल्या वाहायची. मी पेणच्या मराठी शाळेत शिकले, पेणलाच बी.ए. झाले, आणि आता रोह्याजवळच्या एका कारखान्यात माणसं भरती करायच्या खात्यात असिस्टंट आहे. हे सगळं मला ज्यांच्यामुळे मिळालं त्यांची यादी मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर मनात म्हणते. लहानपणी आईनं लावलेली सवय. यादीत आईवडिलांनंतर लगेच आमच्या इंग्रजीच्या बाई येतात. मला नोकरी दिली म्हणून साहेबही त्या यादीत होते.

बाईंनी आम्हाला आठवीत ‘हॅव’ हे क्रियापद शिकवलं. म्हणजे पाचवीपासून येतंय असं आम्ही समजत होतो, ते पुन्हा शिकवलं. रोज घरून पाच वाक्यं लिहून आणायची. पहिल्या दिवशी मी गाइडमधली उतरवून नेली. ‘वुई हॅव अ बिग गार्डन. माय अंकल हॅज अ रेड कार.’ बाईंनी वही वाचली आणि विचारलं, "तुमच्याकडे बाग आहे?"

"नाही, बाई."

"मग ही कुणाची?"

"गाइडमधली."

"गाइडवाल्याची बाग तू कशाला उचलून आणलीस? तुझ्याकडे काय आहे ते लिही."

वर्ग हसला. मी रडत घरी गेले आणि चुलीजवळ बसून आमच्याकडे काय आहे ते बघू लागले. दुसऱ्या दिवशी मी लिहून नेलं की आमच्याकडे दोन हंडे आहेत आणि माझ्या वडिलांच्या पायांना भेगा आहेत. भेगांना इंग्रजी शब्द येत नव्हता, म्हणून तिथं मराठीतच ‘भेगा’ लिहिलं होतं. बाईंनी त्यावर बारीक अक्षरात ‘क्रॅक्स’ लिहून दिलं आणि बरोबरची खूण केली. खोट्या वाक्याला त्या खूण करायच्या नाहीत, मग ते कितीही बिनचूक असो. त्याच्या समासात नुसतं लिहायच्या, ‘हे कुणाचं?’

त्यांची आणखी एक रीत होती. तपासलेल्या वह्या दुसऱ्या दिवशी परत मिळायच्याच. एकदा त्या तापानं आजारी होत्या, तर त्यांचे यजमान सायकलवरून वह्यांचा गठ्ठा शाळेत पोचवून गेले. बाई म्हणायच्या, "चूक ज्याची आहे त्याच्या हातात ती परत गेली पाहिजे. नाहीतर मी तपासलं काय आणि नाही काय." त्यामुळे आम्हा मुलींना, गडबहून, खाडीकडून एसटीनं येणाऱ्या सगळ्यांना, एक खोड लागली. चुकलं की ‘दाखवा’ म्हणायचं. बाहेरच्या जगातही अशीच पद्धत असते असं आम्ही धरून चाललो होतो.

गेल्या वर्षी कारखान्यात नवी पॅकिंग शेड उभी राहिली. तिथं बायका घ्यायच्या होत्या. पिशव्या भरायच्या, तोंडं शिवायची, लेबलं लावायची. अशा कामाला आधी आसपासच्या गावांतली माणसं बघू, त्यांत लायक मिळाली नाहीत तरच बाहेरची घेऊ, असं कंपनीनं गावांना लिहून दिलं होतं. साहेब मला म्हणाले, "मॅडम, लेबल वाचता आलं पाहिजे बायकांना. इंग्रजीची छोटीशी टेस्ट ठेवू. काय विचारायचं ते तुम्हीच ठरवा."

मी म्हटलं, ‘हॅव’ विचारू. स्वतःबद्दलची पाच वाक्यं, एका वाक्याला एक मार्क, तिनाला पास.

हे मीच सुचवलं. मला फार बरं वाटलं होतं. ज्या क्रियापदानं मला हात धरून वर काढलं तेच आता आणखी चार बायकांना वर काढेल, असं काहीतरी माझ्या मनात होतं. नोटीस मीच लिहिली, सोप्या मराठीत. आठ दिवस मी खुशीत होते. गेटवरचा वॉचमन सांगायचा, "मॅडम, आमच्या वाडीत पोरं बोंब मारतायत. आया त्यांची पुस्तकं घेऊन बसल्यात, पोरांना गृहपाठाला पुस्तक नाय."

शनिवारी कँटीनमध्ये टेस्ट झाली. बावीस बायका आल्या होत्या, धुतलेल्या साड्या नेसून, बहुतेकींच्या हातात मुलांच्या कंपासपेट्या. मी कागद वाटत होते तेव्हा तिसऱ्या बाकावरची एक जण माझ्याकडे बघून हसली.

"काय गो, वलखलंस नाय?"

ओळखलं. ती शाळेत माझ्या एक वर्ष पुढे होती, गडबहून यायची. दहावीला गणितात राहिली आणि लग्न होऊन रोह्याकडच्या खांब गावात गेली.

"मोठी झालीस गो," ती म्हणाली. "तवा येवढीशी होतीस. माझी रिबीन बांधायचीस."

मी वाकून हळूच म्हटलं, "इथं मॅडम म्हणा."

"बरं, मॅडम," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "माझी रिबीन राहिलीय तुमच्याकडं."

बायका हसल्या, मीही हसले. मग तिनं कागद वाचला आणि मान वर केली. "हे बाईंचंच ना? पाच वाक्यं, आपली आपली?"

"हो."

"मग झालं," असं म्हणून तिनं पेन्सिल उचलली.

अर्ध्या तासानं मी कागद गोळा करून टाचण्या लावल्या आणि साहेबांच्या केबिनमध्ये नेले. तिथं जेवण चाललं होतं. साहेब होते, आणि मजूर पुरवणारा ठेकेदार होता. मलाही त्यांनी डबा घेऊन बसायला सांगितलं. साहेबांनी गठ्ठ्यातला मधलाच एक कागद ओढला. तो तिचा होता.

‘आय हॅव वन डॉटर. शी हॅज गुड हँडरायटिंग. अवर वेल हॅज नो वॉटर इन मे. माय हजबंड हॅज अ कफ. आय हॅव अ टीचर इन पेण.’

साहेब एकेक वाक्य नाटकात वाचावं तसं वाचत होते. चौथ्याला ठेकेदार म्हणाला, "साहेब, जेवताना कफ नको." दोघं इतके हसले की साहेबांना ठसका लागला आणि भाताची शितं टेबलावर उडाली, दोन-चार कागदावरही. ती त्यांनी तळहातानं झटकली. ठेकेदारानं दुसऱ्या एका कागदाची टाचणी काढली, त्या टाचणीनंच दात कोरले, टोक बघितलं आणि ती पुन्हा त्याच कागदाला टोचून ठेवली. मी माझ्या डब्याचं झाकण लावलं.

साहेब मला म्हणाले, "मॅडम, दोनच्या वर कुणी जायला नको हं."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "पण बऱ्याच जणींची वाक्यं बरोबर असतील."

"असू देत. ह्यांच्या बायका पुढच्या सोमवारपासून येतायत." त्यांनी ठेकेदाराकडे मान हलवली. "लोकल घेतल्या की भातलावणीला दांडी, गणपतीला दांडी, गावात कुणी गेलं की अख्खी शिफ्ट मोकळी. ह्यांच्या बायका खोल्यांवर राहतात. जाणार कुठे?"

"मग टेस्ट?"

"फाइलला लागते ना. तुमची आयडिया बेस्ट होती. ‘हॅव’सुद्धा येत नाही म्हटल्यावर गाववाले काय बोलणार?"

मी उठून जायला हवं होतं, हे आज लिहिताना सोपं आहे. मी उठले, पण कागद घेऊन. माझ्या टेबलावर बसले आणि लाल पेनचं टोपण काढलं. मला त्या वेळी काय वाटत होतं ते प्रामाणिकपणे आठवायचा प्रयत्न केला, तर आठवते ती ओळखीची, जुनी कृतज्ञता. ह्या माणसानं मला नोकरी दिली. त्या नोकरीवर घराला स्लॅब घालता आला. वडिलांच्या पायांना मलम लागतं ते ह्यातूनच येतं. ज्यानं दिलं त्याला नाही म्हणू नये, हे मला इतक्या लहानपणापासून शिकवलंय की नाही म्हणताना तोंड कसं करायचं हेही मला माहीत नव्हतं.

काही कागद सोपे गेले. त्यांत खऱ्याच चुका होत्या, त्या मी आनंदानं पकडल्या. तिच्या कागदावर चूक नव्हती. मी शोधली. खरंच शोधली, कुठे एखादा ठिपका राहिलाय का, एखादं अक्षर उलटं पडलंय का. सापडली असती तर मी तिचे उपकार मानले असते. मग मी विहिरीच्या वाक्यावर, खोकल्याच्या वाक्यावर आणि शेवटच्या वाक्यावर, बरोबर शब्दांभोवतीच, तीन लाल गोल काढले. वर लिहिलं, दोन. खाली माझी सही केली. सहीला वळण छान आलं होतं.

संध्याकाळी साहेबांनी मला अर्धा तास लवकर सोडलं. मी म्हटलं, "थँक्यू, सर." ते थँक्यू मला अजून जिभेवर जाणवतं, दातात अडकलेल्या काहीतरी नासक्यासारखं.

प्रत्येकीच्या नावापुढे मार्क लिहिलेला निकालाचा कागद गेटवर लागला. बावीसपैकी कुणीही पात्र नाही. मला वाटलं, आता संपलं.

बुधवारी वॉचमनचा फोन आला. "मॅडम, एक बाई आलीय. कागद मागते."

"कसला कागद?"

"टेस्टचा. चूक बघायचीय म्हणते."

ती गेटच्या आत, बाकावर बसली होती. मला बघून उठली.

"नोकरीचं काय नाय बोलत मी," ती म्हणाली. "नाय दिली तर नाय दिली. पाचात दोन लिवलंय तिकडं. मंजी तीन चुकली. कुठली तीन ती दाखव."

"कागद कंपनीचा असतो गं. देता येत नाही."

"कागद कंपनीचा असंल. चूक तर माझी हाय ना?"

वॉचमन आमच्याकडे बघत होता.

"नुसतं तोंडानं सांग मग. विहिरीचं चुकलं? मला तेच वाटत होतं, रात्रीपासनं वाटतंय."

"बघून सांगते," मी म्हटलं. "इतके कागद होते. पुढच्या बुधवारी ये."

"येते," ती म्हणाली, आणि मिनीडोर रिक्षा मिळेल म्हणून रस्त्याकडे भराभर चालत गेली. वॉचमन म्हणाला, "नोकरी मागायला येतात, पगार मागायला येतात. चूक मागायला आलेली पयलीच बघितली."

पुढच्या बुधवारी ती आली तेव्हा मी वॉचमनला सांगितलं, मॅडम मीटिंगमध्ये आहेत म्हण. वरच्या खिडकीतून मला बाक दिसत होता. ती तासभर बसली. तिचे ओठ हलत होते आणि ती अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत होती. पाच पेरं, पुन्हा पहिल्यापासून पाच. मग उठली, पदर झटकला आणि गेली. मी खिडकीपासून मागे आले आणि पुढची फाइल उघडली.

शुक्रवारी बाईंचा फोन आला. बाई रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पेणलाच असतात. सणासुदीला मी पाया पडायला जाते, पण त्या स्वतःहून फोन करत नाहीत.

"अगं, आपली ती गडबची मुलगी येऊन गेली," त्या म्हणाल्या. "तिची वही तुझ्याकडे राहिलीय म्हणे."

"वही नाही बाई, कागद आहे."

"तेच ते. दिला नाहीस अजून?"

"ऑफिसची कामं असतात, बाई."

"चूक दाखवायला कितीसा वेळ लागतो? ती रोज संध्याकाळी लेकीला शिकवायला बसायची, ते तिनं बंद केलंय. म्हणते, मला ‘हॅव’ येत नाही हे मला एवढी वर्षं माहीत नव्हतं, मग पोरीला आणखी काय काय चुकीचं शिकवलं असेल देव जाणे." बाई पुढे म्हणाल्या, "मी तिला सांगितलं, जिनं तपासलंय तिला मी ओळखते. तिनं चूक म्हटलंय म्हणजे चूक असणार. तू बघ आणि दुरुस्त कर. रविवारी तिला बोलावलंय. तूही ये, कागद घेऊन."

मी हो म्हटलं. शनिवारी फाइलमधून तिचा कागद काढला आणि डब्याच्या पिशवीत घालून गेटबाहेर नेला. कुणी विचारलं नाही.

बाईंच्या घराला लागून मूर्तींचा कारखाना आहे. ओट्यापर्यंत पांढऱ्या, बिनरंगाच्या मूर्ती ओळीनं ठेवलेल्या असतात, त्यांच्यामधून वाट काढत जावं लागतं. मी पोचले तेव्हा ती आधीच आली होती, लेकीला घेऊन. लेक नऊ-दहा वर्षांची, हातात वही घट्ट धरून बसलेली. बाईंनी चष्मा लावला आणि कागद खिडकीच्या उजेडात धरला. एकदा वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. शेवटच्या वाक्यावर त्यांची नजर बराच वेळ राहिली.

"लाल शाई तुझी?"

"हो, बाई."

"हे गोल कशाभोवती आहेत?"

मी खिडकीबाहेरच्या मूर्तींकडे बघितलं.

"मला हल्ली बारीक दिसत नाही," बाई म्हणाल्या. त्या खरंच तसं समजत होत्या. "माझ्याकडून काहीतरी निसटतंय. तू दाखव बघू, कुठं चुकलंय."

त्यांनी कागद माझ्याकडे केला. तिघींनी त्याच्यावर मान वाकवली, ती, तिची लेक आणि बाई. मी बोट ठेवायला हात उचलला, आणि ठेवायला जागाच नव्हती.

मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, ठेकेदाराचं, फाइलचं, दोनच्या वर कुणी जायला नको याचं. सांगताना मी साहेबांचं नाव मोठ्यानं घेत होते आणि माझं हळू, हे मलाच ऐकू येत होतं. म्हणून शेवटी म्हटलं, "गोल मी काढले. हातानं."

शेजारी कारखान्यात कुणीतरी मूर्तीवर पॉलिश पेपर घासत होतं, तेवढाच आवाज.

"वाक्यं बरोबर आहेत," बाई तिला म्हणाल्या. "पाचही."

मला वाटलं होतं ती चिडेल, निदान हसेल. ती माझ्याकडे बघत राहिली, ओळख नसल्यासारखी.

"नोकरीचं आधीच ठरलंय हे आम्हांला ठाऊक होतं गो," ती म्हणाली. "सगळ्या गावाला ठाऊक होतं. ठेकेदारानं खोल्या आधीच घेतल्या होत्या ना. आम्ही आपलं, झालं तर झालं म्हणून आलो." तिनं लेकीच्या हातातली वही काढून आपल्या मांडीवर ठेवली. "पण तू तपासलंस म्हणून मला वाटलं, निदान चूक तरी खरी असंल."

मी कागद बाईंपुढे ठेवला.

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. "आणि हे काय लागलंय?"

"लोणचं. साहेब जेवताना वाचत होते."

बाईंनी कागद खाली ठेवला आणि आत गेल्या. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज आला, बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा हात कोपरापर्यंत ओले होते. त्यांनी टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. मी त्या दोनावर काट मारली, पाच लिहिले, आणि खाली पुन्हा सही केली. ह्या वेळी सहीला वळण आलं नाही.

"स्वच्छ कागदावर उतरवून देऊ?" मी तिला विचारलं. "हा फार लाल झालाय."

"नको. हाच दे." तिनं तो चार घड्या घालून लेकीच्या वहीत ठेवला. जाताना ओट्यावर मूर्तींमधून पाय टाकताना म्हणाली, "रिबीन पण द्यायचीय तू," पण ते हसून म्हटलेलं नव्हतं.

मी चप्पल घालत होते तेव्हा बाईंनी दारातून विचारलं, "आणि बाकीच्या वह्या?"

एकवीस कागद. त्यानंतरच्या प्रत्येक रविवारी, सगळे संपेपर्यंत, मी तीन-चार घेऊन निघायचे. खांबच्या बाजूला दोन गावं, नदीकाठची एक वाडी, रोह्याकडे तीन-चार घरं. ज्यांत खऱ्या चुका होत्या तिथं बसून दाखवायचे. ज्यांत मी केल्या होत्या तिथं, ह्या माझ्या आहेत, असं सांगायचे. हे काही पुण्याचं काम नव्हतं, आणि कुणी तसं समजलंही नाही. एकीनं मला दारातच उभं ठेवलं. एकीनं चहा दिला आणि विचारलं, "मंग आता ह्याचं काय करू मी?" वाडीवरच्या एका म्हातारीनं सुनेचा कागद माझ्या हातातून घेतला आणि माझ्यादेखत चुलीत सारला. तो जळताना बघून मला सुटल्यासारखं वाटलं. आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच मग परतीच्या वाटेवर किळस येत राहिली. ठेकेदाराची टाचणी लागलेला कागद ज्या बाईचा होता तिला तो देताना मी टाचणी आधी काढून फेकली. तेवढं एक मी तिला सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात साहेबांनी बोलावलं. शेडमधल्या बऱ्याच बायका सोडून गेल्यात, पुन्हा भरती करायचीय, म्हणून पुन्हा टेस्ट. ते जेवतच होते. "मॅडम, ह्या वेळी ‘मेक’ घेऊ. ‘हॅव’ फारच सोपं पडतं."

मी म्हटलं, "घेऊ. पण नोटिशीत लिहिते की कागद तपासून दुसऱ्या दिवशी परत मिळतील."

"परत? अशी पद्धत नसते."

"आमच्याकडे आहे."

ते हसले. मग हसायचे थांबले. "मागची फाइल आणा बरं."

"ती रिकामी आहे सर. कागद ज्यांचे त्यांना दिले."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "कुणाला विचारून?"

आता मला लेखी खुलासा द्यायचाय, इंग्रजीत, येत्या सोमवारी. घरी मी अजून सांगितलेलं नाही. आईला वाटतं मी रविवारी बाईंकडे कसल्या तरी क्लासला जात होते. खुलासा मी लिहिला, पाच वाक्यांत बसला. पहिलं, माझ्याकडे ते बावीस कागद नाहीत. दुसरं, ते ज्या बायकांचे होते त्यांच्या घरी परत दिले आहेत. तिसरं, त्यांतल्या कित्येकींच्या वाक्यांत चूक नव्हती. चौथं, त्यांवरची सही माझी आहे. पाचवं मी लिहिलं, ‘आय हॅव नो फिअर.’

काल तो बाईंना दाखवला. त्यांनी पेन्सिलीनं पहिल्या चार वाक्यांना खूण केली. पाचव्यापाशी थांबल्या, आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘हे कुणाचं?’

मी ते वाक्य खोडलं. बराच वेळ माझ्याकडे काय आहे ते आठवत बसले. मग लिहिलं की मला आई आहे, वडील आहेत, आणि आजपर्यंत ही नोकरी आहे. बाईंनी ते वाचलं, आणि पेन्सिल उचलली.